पुठ्ठ्याची भिंत आणि कूलरचा डाग

मागच्या खेपेला आपण जुन्या लुगड्यांच्या गोधडीविषयी बोललो होतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. भिंत. तीही खरी नव्हे, पुठ्ठ्याची. मुलांच्या शाळेत प्रदर्शन असले, वस्तीत एखादा देखावा उभा करायचा ठरला, की पुठ्ठ्याची घरे होतातच. घर उभे राहते, छप्पर बसते, दार उघडते आणि लागते. भिंत मात्र नेहमी फसते. लाल रंग फासायचा, पट्टी धरून पांढऱ्या रेघा मारायच्या, की झाली विटांची भिंत, असे आपण धरून चालतो. आम्हीही अनेक वर्षे तसेच धरून चाललो होतो.

आमचा धाकटा सातवीत आहे. शाळेने ‘माझे घर’ या विषयावर प्रतिकृती करून आणायला सांगितले. याने दुकानातून विटांचे चित्र छापलेला कागद आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला, वर उतरते कौलारू छप्पर घातले, समोर हिरव्या कागदाची हिरवळ अंथरली. बंगला छान झाला होता. पण ते आमचे घर नव्हते. आमचे घर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत, दोन खोल्यांचे, वर टीन, समोरची भिंत विटांची आणि तिला आजवर प्लॅस्टर नाही. विटाही एकसारख्या नाहीत. खाली पिवळट, वर लाल, दाराजवळ काळ्या. आम्ही विचारले, “अरे, हे आपले घर आहे का?” तो खाली बघत म्हणाला, “आपली भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते.”

आमची आई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने तो बंगला हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “हे काय केलं रे बाप्पा? वीट अशी लाल राहते का कुठं? हे तं कुंकवाच्या डबीसारखं दिसून राहिलं.” भिंत ठिगळाची का आहे, तेही तिने सांगितले. ते पुढे येईलच. त्या महिन्यात आमचे आणखी एक ठरले होते. पावसाळ्याआधी ती भिंत पाडून स्लॅबचे घर बांधायचे. आईचीच त्याला सगळ्यात जास्त घाई. टिनाखाली चाळीस उन्हाळे काढलेल्या बाईला जुन्या घराचा कसला लळा? पण मोडायच्या आधी नातवाने भिंत नीट पाहावी, एवढे तिला वाटले. म्हणून बंगला बाजूला ठेवला आणि आम्ही सगळे टेप घेऊन बाहेर गेलो.

पहिले काम मोजण्याचे. आपल्याकडची वीट म्हणायला नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड. आमची मोठी मुलगी नववीत आहे, तिने प्रमाण काढले. एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे खऱ्याच्या चोविसावा भाग. हे प्रमाण घरी करायला फार सोयीचे. दहा फुटांची भिंत पाच इंचांत बसते, पाच फुटांचा माणूस अडीच इंचांचा होतो. वीट होते साडेनऊ मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटरहून थोडी जाड. दोन विटांमधला सांधा, ज्याला गवंडी दर्जा म्हणतात, तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. आता पाहा, पांढऱ्या रंगाची जाड रेघ ओढली की ती भिंतीवर किती मोठी होते! खऱ्या घरात तो सांधा दोन-दोन बोटांचा असल्यासारखा दिसतो. नकली भिंत नकली वाटते ती पहिल्यांदा इथे.

दुसरी गोष्ट जुडाईची. चार इंची भिंत असेल तर बाहेरून प्रत्येक विटेची लांब बाजूच दिसते आणि वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर येतो. नऊ इंची भिंतीत तसे नसते. तिथे काही विटा आडव्या घालून भिंतीची दोन्ही अंगे बांधावी लागतात, म्हणून बाहेरून विटेचे डोके दिसते, लांबीच्या निम्मे. एक थर लांब विटांचा, एक थर डोक्यांचा, याला इंग्लिश जोड म्हणतात. एकाच थरात लांब, डोके, लांब, डोके अशी पाळी आली तर तो फ्लेमिश जोड. आमची समोरची भिंत नऊ इंची, इंग्लिश जोडाची. छापील कागदावर सगळ्या विटा लांबच होत्या. दहा बाय आठच्या भिंतीत अठ्ठावीस थर येतात. दार-खिडकी सोडून साडेतीनशेच्या वर विटा कापाव्या लागल्या.

त्या कशाच्या करायच्या? थर्माकोलचा विचार आम्ही केला नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि पातळ रंग त्यावर बसतही नाही. आधी पुठ्ठ्यावर भिंतीच्या पुट्टीचा पातळ थर दिला आणि तो अर्धवट सुकल्यावर सुईने रेघा ओढल्या. पुठ्ठा पाणी प्याला, पापडासारखा वाकला आणि पुट्टीला तडे गेले. ज्यांना ही रीत करायची असेल त्यांनी पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉलचे पाणी लावून आधी पूर्ण वाळवावे. आम्ही दुसरी वाट धरली. जुन्या रजिस्टरांचे जाड करडे पुठ्ठे घेतले, तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, पट्ट्यांच्या विटा केल्या आणि एकेक करून चिकटवल्या. कटर मोठ्यांच्या हातात, चिकटवणे मुलांच्या हातात. चार संध्याकाळी गेल्या. थोडे वाकडेतिकडे झाले तरी हरकत नाही. आपल्या गवंड्याचा ओळंबा तरी कुठे रोज सरळ असतो? काही विटांचे कोपरे नखाने मोडले. शेवटी एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असा हात सगळ्या भिंतीवर फिरवला, म्हणजे पुढे ओल लागून पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटत नाहीत.

आता रंग. वीट लाल होते ती मातीतल्या लोखंडामुळे. पण किती लाल, हे आग ठरवते. आईने हे आम्हाला शिकवले, कारण लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिने भट्टीवर विटा वाहिल्या आहेत. तिच्या शब्दांत, “मधातल्या विटा चांगल्या भाजते. बाजूच्या पिवळ्या राहते. आगीच्या तोंडच्या काळ्या होऊन जाते.” कमी भाजलेली वीट पिवळट-गुलाबी, मऊ, नखाने खरवडली तर भुगा निघतो. जास्त भाजलेली काळी-जांभळी, वाकलेली, कधी काचेसारखी चकचकीत. चांगली वीट या दोघींच्या मधली, तांबूस तपकिरी, दुसऱ्या विटेवर आपटली तर टणत्कार करणारी. म्हणून डबीतला शुद्ध लाल रंग विटेला चालतच नाही. आम्ही गेरूच्या रंगात पिवळी माती आणि किंचित पांढरा मिसळला. पांढरा का? लहान वस्तू आपण हातभर अंतरावरून पाहतो, पण मनात ती दूर उभी असलेली मोठी वस्तू असते. दूरचा रंग हवेतून येताना फिका होतो. तोच गडद रंग छोट्या भिंतीवर लावला तर ती खेळण्यासारखी दिसते.

सगळ्या विटांना हा एक रंग दिल्यावर निरनिराळ्या छटा कुठे द्यायच्या, हा प्रश्न आला. माणसाचा हात फसवा असतो. ‘कुठेही’ म्हणून सांगितले तरी तो सारख्या अंतरावर ठिपके देतो. म्हणून मुलीने लुडोचा फासा आणला. एक, दोन, तीन पडले तर वीट तशीच, चार पडले तर पिवळट, पाच पडले तर गडद, सहा पडले तर काळी. मुलांची चंगळ झाली. युक्ती खरोखर चांगली आहे, एखाद्या अनोळखी भिंतीसाठी जरूर वापरा. पण आईने पाहिले आणि मान हलवली. आमची भिंत फाशाने झालेली नव्हती.

१९८४ च्या उन्हाळ्यात ती झाली. ठेकेदाराकडे आईची मजुरी थकली होती. त्याने पैशाऐवजी विटा घ्या म्हणून सांगितले, आणि दिल्या त्या गिऱ्हाइकाने नाकारलेल्या. पहिला छकडा आला तो सगळा पिवळ्या विटांचा. दुसऱ्या छकड्यात बऱ्या होत्या. शेवटी कमी पडल्या तेव्हा आई आणि बाबांनी भट्टीच्या तोंडच्या काळ्या विटा डोक्यावरून आणल्या, त्या दाराच्या बाजूला लागल्या. म्हणजे खालचे नऊ थर पिवळे, वर लाल, दारापाशी काळे. मऊ वीट पायाशी घालू नये हे कोणताही गवंडी सांगेल; पावसाचे पाणी उडते ते तिथेच. आम्ही विचारले, तुला हे माहीत नव्हते का? आई म्हणाली, “माहीत होतं न. पण पाणी याच्या आधी टीन टाकाचं होतं. पहिले ज्या आल्या त्या लावल्या.” नातू ऐकत होता. त्याने फासा डबीत ठेवला आणि खालचे नऊ थर पुन्हा रंगवायला घेतले.

इथे आमची एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. आम्ही घरातले पोस्टर कलर वापरले होते. विटा रंगवून झाल्यावर सांध्यांत सावली यावी म्हणून काळ्या-तपकिरी रंगाचे अगदी पातळ पाणी भिंतीवर सोडले. रीत बरोबर आहे. पातळ रंग खाचांत उतरतो आणि विटा उठून दिसतात. पण पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. पिवळे, लाल, काळे सगळे मिळून एक चिखल झाला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी तोच आणावा. नाहीतर दर थरानंतर पातळ फेव्हिकॉलचा हात देऊन पूर्ण वाळू द्यावे. आम्ही अ‍ॅक्रिलिकच्या चार बाटल्या आणून सगळे पुन्हा केले. सांध्यांसाठी मग रंगाऐवजी कोरडी पुट्टी आणि मातकट रंग कालवून बोटाने खाचांत भरले आणि ओल्या फडक्याने विटांवरून पुसून घेतले. विटांवर जो हलका धूसरपणा उरतो तो राहू द्यावा. खऱ्या भिंतीवरही मसाल्याचे डाग राहतातच. आमची जुडाई मातीची, म्हणून वरचे सांधे तपकिरी आणि खोल गेलेले. खाली बाबांनी दोनदा सिमेंटने दर्जा भरला होता, म्हणून तिथे राखाडी आणि फुगीर.

साध्या घरांच्या भिंतींसाठी एवढी मेहनत कोण करतो, असे वाटेल. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात लाँग विटनम नावाच्या गावी पेंडन म्युझियम आहे, १९५४ मध्ये सुरू झालेले. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२० च्या दशकात तिकडे गेला. शेतकरी आणि मजुरांच्या जुन्या झोपड्या बदलताना, मोडताना त्याने पाहिल्या आणि त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करायचे मनावर घेतले. एका फुटाला चार मिलिमीटर एवढ्या लहान प्रमाणात, पुठ्ठ्यावर, पाण्याच्या रंगांनी. त्याच्या मागून आलेल्या कलाकारांनी ते काम आजवर चालू ठेवले आहे. एकेका घरावर महिनोन्‌महिने लागतात. तिथे राजवाडे नाहीत. जनावरे बांधण्याचे, भाजी पिकवण्याचे साधे गाव आहे. आमच्या धाकट्याला हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “त्यांच्याकडे कूलर होता का?”

कारण आमच्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा डाग कूलरचा. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीत कूलर नसलेले घर दाखवा. त्याच्या टाकीतून पाणी झिरपते, भिंत पिते, ऊन ते सुकवते. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार, आणि विटेच्या पोटातले क्षार, पृष्ठभागावर येऊन बसतात. हाच तो पांढरा लोणा. तो काढायचा तर आधी तो कुठे असतो ते पाहावे. बरोबर पाण्याच्या वाटेत तो नसतो. तिथे सतत ओल, म्हणून हिरवे-काळे शेवाळ. लोणा असतो दोन्ही कडांना, जिथे ओल संपते आणि कोरडे सुरू होते. आम्ही मध्ये हिरव्या-काळ्या पातळ रंगाचा पट्टा वरून खाली ओढला, खाली जाताना रुंद आणि फिका. कडांना पांढऱ्या खडूची पूड फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून टिपून लावली. वाळल्यावर ती बरोबर भुरकट दिसते. हा डाग जमला आणि पुठ्ठ्याची भिंत एकदम आमची झाली.

बाकीचे डाग मग आपोआप सुचत गेले. झरोक्याच्या वर चुलीच्या धुराचा काळा पट्टा. लाकडी कोळशाची पूड बोटाने वरच्या दिशेला घासली, खाली गडद आणि वर विरळ. पायथ्याला पाऊण इंचापर्यंत मातीचे शिंतोडे, जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने उडवले. दाराच्या उजवीकडे जिथे बाबा पाठ टेकून बसत, तिथे विटा गुळगुळीत आणि तेलकट काळ्या. तेवढ्या जागेवर रंगाआड फेव्हिकॉलचा किंचित चकाकणारा हात. दारावरच्या पट्टीवर जुन्या निळीच्या चुन्याचे अवशेष आहेत. त्यासाठी स्वयंपाकघरातले मीठ घेतले. वाळलेल्या विटांवर पाण्याचे बोट फिरवून जाडे मीठ टाकले, ते चिकटल्यावर वरून निळा रंग दिला आणि पूर्ण सुकल्यावर ब्रशने मीठ झाडून टाकले. जिथे दाणे होते तिथली वीट उघडी पडते, निळा रंग पोपडे निघाल्यासारखा दिसतो. एवढे मात्र सांभाळावे, की सगळे डाग सगळीकडे करू नयेत. प्रत्येक डागाला वर कुठेतरी पाण्याची, धुराची किंवा माणसाची वाट असली पाहिजे. कारण सापडत नसेल तर तो डाग पुसून टाकावा.

मागची खोली २००६ मधली. तिच्या विटा करड्या, धारदार कोपऱ्यांच्या, सगळ्या एकाच रंगाच्या. त्या राखेच्या. राख, चुना किंवा सिमेंट साच्यात दाबून होतात, भट्टीत जातच नाहीत. आमच्या जवळ कोराडी आणि खापरखेडा, तिथल्या वीज केंद्रांची राख डोंगरासारखी साठते. केंद्र सरकारने १९९९ मध्ये वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांनाही मातीत किमान २५ टक्के राख मिसळायला लावली, २००३ मध्ये ते अंतर १०० किलोमीटर केले. ही करडी भिंत रंगवायला एक तास पुरला. फासा नाही, छटा नाहीत. मुलीला ती कंटाळवाणी वाटली.

प्रदर्शनात नंबर आला नाही. बाजूला कारंज्याचा बंगला होता, कारंजे चालू होत होते. बाई आमच्या भिंतीपाशी थांबल्या आणि हे खाली पिवळे का, म्हणून त्यांनी विचारले. धाकट्याने सांगितले, “आजीच्या मजुरीच्या विटा आहेत. आधी पिवळ्या दिल्या.” बाईंनी पुन्हा खाली वाकून पाहिले, एवढे तो घरी येऊन दोनदा म्हणाला.

मे महिन्यात एका रविवारी भिंत पाडली. वरचे लाल थर पटकन निघाले, चांगल्या विटा नव्या घराच्या भरावाला बाजूला रचल्या. खालच्या पिवळ्या हातात घेताच फुटत होत्या. त्यांतल्या एकीच्या पसरट अंगावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा निघाला. विटा उघड्यावर वाळत असतात, कुत्री त्यांवरून जातात. जुडाईत ती बाजू आत दबते, बाहेरून कधीच दिसत नाही. आईने ती धाकट्याकडे दिली. प्रतिकृतीत हे कसे दाखवायचे म्हणून तो दिवसभर विचार करत होता, आणि दाखवता येत नाही असे ठरले.

एक काम मात्र त्या दिवशी झाले. पिवळी, लाल आणि काळी अशा तिन्ही विटांचे तुकडे घेतले, पाणी शिंपडून खलबत्त्यात कुटले, म्हणजे धूळ नाकात जात नाही. विटेची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये, नाकावर फडके बांधावे. कुटलेले उन्हात वाळवून आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून हलक्या हाताने गाळले. ज्या थरात जी वीट, तिथे तिची पूड मऊ ब्रशने थोपटून लावली आणि वरून केसांचा स्प्रे लांबून मारला. स्प्रेने पूड थोडी दबते, म्हणून आधी हवी त्याहून जरा जास्तच लावावी. आमचे सगळे मिसळलेले रंग त्या पुडीपुढे थोडे गुलाबीच निघाले.

प्रतिकृती सध्या नव्या घरात फ्रिजवर आहे. खलबत्ता तीन वेळा धुतला, तरी पहिल्या ठेच्याला जरा कचकच लागली.